लूपमध्ये पाणी येतंय कुठून?

ऑक्टोबर २०२३ पासून पुढच्या मार्चपर्यंत माझ्या रीब्रीदरच्या लूपमध्ये पाणी साठत होतं आणि ते कुठून येतंय हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आता कारण सापडलंय, दुरुस्ती झालीये, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते. मराठी वाचणाऱ्यांत रीब्रीदर वापरणारे फार नसणार, हे ठाऊक आहे. पण तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात किंवा अंदमानात पहिल्यांदा पाण्यात उतरलेली आणि पुढे नोकरीनिमित्त बाहेर गेल्यावर हा नाद वाढवलेली बरीच मंडळी भेटतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्या कानाशी उद्या गुळगुळ आवाज यायला लागला, तर त्याचा हिवाळा तरी वाचावा.

आधी यंत्र थोडक्यात. माहीत असेल त्यांनी हा भाग सोडून द्यावा. साध्या स्कूबात सोडलेला श्वास बुडबुडे होऊन वर जातो. रीब्रीदरमध्ये तोच श्वास परत घेतात. सोडलेली हवा उजव्या होजमधून एका पिशवीत जाते, तिला एक्झेल काउंटरलंग म्हणतात. तिथून ती स्क्रबरमध्ये शिरते. स्क्रबर म्हणजे सोडालाइमच्या पांढऱ्या दाण्यांचा डबा, माझ्या युनिटमध्ये अडीच किलोच्या आसपास दाणे बसतात. ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. पुढे तीन सेन्सर ऑक्सिजन मोजतात, कमी पडेल तेवढा आत सोडला जातो आणि हवा दुसऱ्या, म्हणजे इनहेलच्या पिशवीतून, डाव्या होजने तोंडाशी परत येते. तोंडाच्या दोन्ही बाजूंना रबराचे पातळ मश्रूम व्हॉल्व्ह असतात, म्हणून ती एकाच दिशेने फिरते. हा बंद फेरा म्हणजे लूप. माझ्या युनिटच्या दोन्ही पिशव्या छातीवर नाहीत, पाठीवर आहेत. हे लक्षात ठेवा, सगळं घोडं पुढे इथेच अडलं होतं.

या फेऱ्यात पाणी शिरलं की तीन प्रकारे त्रास होतो. दाणे भिजले तर त्यांतून वाहून आलेलं पाणी जळजळीत अल्कली असतं, ते तोंडात आलं की जीभ-घसा भाजतो. डायव्हर मंडळी त्याला कॉस्टिक कॉकटेल म्हणतात. दुसरं, भिजलेल्या दाण्यांतून हवा नीट जात नाही आणि कार्बन डायऑक्साइडही नीट शोषला जात नाही. तिसरं, सेन्सरच्या तोंडावर पाण्याचा थेंब बसला की तो खोटं बोलायला लागतो. तीनपैकी दोन सेन्सर सारखंच खोटं बोलले, तर यंत्र खऱ्या सेन्सरलाच बाद ठरवतं.

मी राहते लेस्टरला. जवळच स्टोनी कोव्ह आहे, ग्रॅनाइटची जुनी खाण, पाण्याने भरलेली. मध्य इंग्लंडातले निम्मे डायव्हर इथेच शिकलेले असतात. पाण्याखाली सहा मीटरवर एक कट्टा, वीस मीटरच्या आसपास दुसरा, तिथे स्टेनगार्थ नावाची एकेकाळी वाफेवर चालणारी जुनी टग मुद्दाम बुडवून ठेवलेली आहे, आणि त्याखाली पस्तिसाच्या आसपास तळ. युनिट मी जुनंच घेतलं, ४,२०० पौंडांना. कोर्स उन्हाळ्यात झाला, ऑगस्टमध्ये कार्ड हातात आलं. तोवर डायव्ह संपल्यावर पिशवीत थोडं पाणी निघायचं, ते ओतून टाकायचं, विषय संपला.

ऑक्टोबरच्या मध्यावर उजव्या होजमधून आवाज यायला लागला. श्वास सोडला की गुळगुळ. डोकं उजवीकडे कलतं करून होज हाताने वर धरला की पाणी पिशवीत उतरायचं, पाच-दहा मिनिटं शांतता, की पुन्हा सुरू. शिकवणाऱ्या सरांना विचारलं. ते म्हणाले, थंडी सुरू झालीये, हे कंडेन्सेशन. क्लबमधल्या दोघांनीही तेच सांगितलं. आणखी एकाने लाळ गिळायला शिक म्हणून सल्ला दिला. माझा बडी (डायव्हमधला जोडीदार) निवृत्त वेल्श फायरमन, त्याच्या भरघोस मिशीमुळे ओठांच्या कडेने पाणी झिरपतं, म्हणून तो मिशीला व्हॅसलीन लावतो. तुला तर मिशी नाही, मग तुझं काय, असं म्हणून तो हसला. मीही हसले. पण नव्या माणसाचं म्हणणं हसण्यावारी जातं, हे तेव्हा लागलं मनाला.

कंडेन्सेशन खोटं नाही. फुप्फुसातून निघालेल्या हवेत दर घनमीटरला चाळीसेक ग्रॅम वाफ असते. सहा अंश सेल्सियसच्या पाण्यात बुडालेल्या होजमध्ये तीच हवा जेमतेम सात ग्रॅम धरू शकते; उरलेलं भिंतीला लागून खाली ओघळतं. मिनिटाला वीस लिटर श्वास धरला, तर तासाभरात जास्तीत जास्त चाळीस मिलीच्या आसपास पाणी होतं. स्क्रबरमध्ये रासायनिक क्रियेतूनही पाणी तयार होतं, कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचा एक रेणू. मध्यम श्रमात तेही तासाला चाळीसेक मिली. पण ते स्क्रबरमध्ये आणि त्याच्या पुढे. एक्झेलची पिशवी स्क्रबरच्या आधी येते. तिथे फक्त श्वासातलं पाणी आणि लाळ एवढंच असायला हवं.

हा हिशेब कागदावर मांडल्यावर स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं डायव्हच्या पेटीत टाकलं. पुढच्या खेपेला कार पार्कमध्ये पिशवी उपडी केली: २२० मिली. डायव्ह पन्नास मिनिटांचा. मग दर वेळी मोजायला लागले, वहीत वेळ, खोली, पाण्याचं तापमान, एक्झेल किती, इनहेल किती. इनहेलच्या बाजूला नेहमी दोन-चार चमचे. एक्झेलला कधी दीडशे, कधी अडीचशे. ही वही दाखवल्यावर ‘कंडेन्सेशन’ म्हणणारी माणसं पहिल्यांदा गप्प झाली. तुमच्याकडे पाणी येत असेल तर दुसरं काहीही करण्याआधी मोजा, आणि दोन्ही बाजूंचं वेगवेगळं मोजा. नुसता ‘गुळगुळ होतेय’ म्हटलं की समोरचा आपल्या अनुभवातलं उत्तर देतो, आकडा समोर ठेवला की त्याला विचार करावा लागतो.

स्क्रबरचा डबा काट्यावर ठेवून बघावा असंही मनात आलं होतं. ते जमत नाही. शोषलेल्या वायूलाही वजन असतं, तासाला पन्नास लिटर म्हणजे जवळजवळ शंभर ग्रॅम. डबा जड झाला तो पाण्याने की कामाने, हे काटा सांगत नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्टेनगार्थवर होतो. टगच्या मागच्या बाजूला, वीस मीटरला. आवाज वाढला होता आणि होज हलवूनही तो थांबेना. श्वास सोडताना जोर लावावा लागत होता. मनगटावरच्या स्क्रीनवर दोन सेन्सर ऑक्सिजनचा दाब १.२९ आणि १.३० दाखवत होते, तिसरा १.१४ वर अडकलेला. मला धाप लागलीये असं वाटलं, आणि ती खरी की भीतीची हे त्या क्षणी ठरवता येईना. कोर्समध्ये हेच घोकून घेतलं होतं की ठरवत बसायचंच नाही. बॅरल, म्हणजे तोंडाशी असलेली लूपची फिरती नळी, फिरवून लूप बंद केला, बेलआउटचा, म्हणजे अडचणीसाठी सोबत ठेवलेल्या साध्या सिलिंडरचा, रेग्युलेटर तोंडात घेतला, बडीला खूण केली. साध्या सिलिंडरचा पहिला श्वास इतका कोरडा आणि गार होता की दात सणकले. कट्ट्याकट्ट्याने वर आलो. एवढंच झालं. पण संध्याकाळी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही आणि रात्री दोनला उठून मी पुन्हा वही काढून बसले होते. डबा उघडला तेव्हा वरचा थर कोरडा आणि खाली एका बाजूला दाण्यांचा ओला, राखाडी लगदा झाला होता. बोटांना साबणासारखा बुळबुळीत लागतो तो. हातमोजे घालूनच हात लावा.

सर्व्हिसला पाठवायचं ठरलं. इथून पुढे कागदपत्रांचा भाग, तो वगळत नाही कारण त्यातच बराच वेळ जातो. सर्व्हिस सेंटरला युनिट असंच पाठवता येत नाही. आधी त्यांच्या फॉर्मवर नंबर मिळवायचा. त्यासाठी युनिटचा सिरीअल नंबर, मागच्या सर्व्हिसची तारीख आणि मी मूळ मालक नसल्यामुळे विक्रीची चिठ्ठी. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी सही करून ईमेल पाठवला, पण तो ‘फोटो नको, पीडीएफ पाहिजे’ म्हणून परत आला. लूप जंतुनाशकाने धुतल्याचा जाहीरनामा वेगळा. कुरिअरवाल्याला सिलिंडर चालत नाहीत, म्हणून ते काढून घरी. लिथियम बॅटरीबद्दल त्याचा वेगळा प्रश्न, म्हणून तीही काढली. विम्यासकट कुरिअर जायला २८ पौंड, यायला २८. फॉर्ममध्ये ‘दोषाचे वर्णन’ या रकान्याला दोन ओळींची जागा. तिथे ‘सोबतचे पान पाहा’ एवढंच लिहावं आणि आकड्यांचं पान खोक्यात युनिटच्या वर, झाकण उघडताच दिसेल असं ठेवावं. मी माझं पान ईमेलला जोडलं होतं. ते टेबलावर काम करणाऱ्या माणसापर्यंत पोचलंच नाही, हे नंतर कळलं.

नोव्हेंबरच्या शेवटी खोकं गेलं. डिसेंबरात दोनदा फोन केला, ‘रांगेत आहे’. मग नाताळची सुट्टी. जानेवारीच्या मध्यावर परत आलं. सगळ्या ओ-रिंगा बदललेल्या, मश्रूम व्हॉल्व्ह नवे, एक्झेल पिशवीच्या डंप व्हॉल्व्हची (त्यातून जादा हवा बाहेर सोडतात) पाकळी नवी. बिल २१४ पौंड. आणि एका कागदावर शिक्का: पॉझिटिव्ह टेस्ट पास, निगेटिव्ह टेस्ट पास, दोष आढळला नाही. कामात कुचराई अजिबात नव्हती, सगळं चकचकीत होतं. पुढच्याच शनिवारी सहा मीटरच्या कट्ट्यावर उतरले आणि पिशवीतून १८० मिली निघालं.

त्या दिवशी कार पार्कमध्ये मला रडू आलं, ते इथे लिहून ठेवते. पैशांचं कमी, पण शिक्का मारलेल्या कागदापुढे आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. ओठ नीट मिटत नसतील. श्वास नीट घेत नसेन. बडीने फ्लास्कमधला चहा ओतून दिला आणि म्हणाला, आग कुठे लागली ते कागद सांगत नाही, जाऊन बघावं लागतं. आम्ही ठरवलं की कारण सापडेपर्यंत हे युनिट घेऊन सहा मीटरच्या खाली जायचं नाही, तो साध्या सिलिंडरवर आणि हाताच्या अंतरावर, माझ्याकडे भरलेला बेलआउट, आणि आवाज आला की चर्चा न करता वर. सरांनाही ते कळवून त्यांची संमती घेतली.

आता पहिला प्रश्न होता की हे पाणी बाहेरचं की आतलं. समुद्रात हे सोपं असतं, जिभेला खारट लागलं की बाहेरचं. खाणीच्या गोड्या पाण्यात ती सोय नाही, आणि लूपमधलं पाणी चाखायचं तसंही नसतं, सोडालाइमचं काय आलंय त्यात कोण जाणे. मग आठवलं, आईने आरओ घेतला तेव्हा सोबत आलेला पेनाएवढा टीडीएस मीटर मी इकडे आणला होता, इथल्या नळाच्या पाण्याने किटलीला थर बसतो म्हणून. वाफेचं झालेलं पाणी क्षारांशिवायचं असतं. खाणीचं पाणी मोजलं, तीनशेच्या जरा वर. औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर, दोन. एक्झेल पिशवीतलं पाणी, २६०. लाळेतही क्षार असतात, त्यामुळे हा आकडा अगदी काटेकोर नाही, पण नुसत्या वाफेतून दोनशे साठ येत नाहीत. पाणी बाहेरचंच. एक मात्र सांभाळा, नमुना स्क्रबरच्या आधीच्या पिशवीतलाच घ्या. दाण्यांना लागलेलं पाणी मीटरला वेड लावतं.

मग बाहेरचं पाणी आत येतं कुठून? घरी रोज संध्याकाळी निगेटिव्ह टेस्ट. तोंडाने लूपमधली हवा ओढायची, पिशव्या चपट्या झाल्या की बॅरल बंद करायचा आणि चपट्याच राहतात का बघायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, एकदा तर जेवण होऊन भांडी घासून होईपर्यंत. ढिम्म. डंप व्हॉल्व्ह घट्ट बंद असताना आणि पूर्ण सैल असताना, दोन्ही प्रकारे केली, कारण घट्ट पिळलेला व्हॉल्व्ह आपली गळती लपवतो. तरी ढिम्म. पॉझिटिव्ह टेस्टला लूप फुगवून बाथटबमध्ये बुडवला. एक बुडबुडा नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी अण्णांशी फोन झाला. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, ऊस, विहीर आणि मोटर यांत अण्णांचं आयुष्य गेलं. मी पाण्याखाली जाते हे त्यांना फारसं पसंत नाही, पण यंत्र म्हटलं की ऐकतात. ‘अण्णा, सगळीकडनं तपासलं, कुठंच गळत नाही, तरी आत पाणी येतंय,’ म्हटलं.

‘पोरी, मोटर चालू हाय, पाइप कुठं ठिबकत न्हाई, आणि पाणी येईना. मग काय समजायचं?’

‘हवा घेतीय.’

‘मग झालं की. वढणाऱ्या बाजूची चीर भायेर दाखवत न्हाई, आत घेती. मोटर बंद कर, पाइपात वरनं पाणी भर, उलटा जोर आला की चीर कुठं हाय ते आपसूक कळतंय.’

आणि मग लगेच ‘तिकडं लई थंडी हाय का’ वगैरे. फोन ठेवल्यावर मी जेवणाच्या टेबलावर माणसाची आडवी आकृती काढली. आपण पाण्यात पालथे पोहतो. पिशव्या पाठीवर, तोंड त्यांच्या खाली, मध्ये वीतभर अंतर. लूपमधल्या हवेचा दाब पिशवीच्या खोलीप्रमाणे ठरतो, आणि तोंडाशी बाहेरच्या पाण्याचा दाब त्याहून वीतभर पाण्याइतका जास्त. म्हणजे तोंडाजवळ कुठेही फट असेल तर पाणी आतच ढकललं जाणार, बाहेर बुडबुडा येण्याचा प्रश्नच नाही. पाण्यात उभं राहिलं की उलट, पिशव्या तोंडाच्या खाली जातात. मी कट्ट्यावर उभी असताना बडीने माझ्याभोवती फिरून बघितलं होतं तेव्हा बुडबुडे का दिसले नाहीत, एवढंच कोडं उरलं. त्याचं उत्तर नंतर मिळालं: उभं असताना होजचा ओढा वेगळ्या बाजूला पडतो आणि फट मिटलेली राहते.

पण त्याच आकृतीकडे बघताना दुसरी गोष्ट दिसली, आणि हे लिहिण्याचं खरं कारण तीच आहे. सगळ्या टेस्ट करताना आपण बॅरल बंद करतो. बॅरल बंद झाला की त्याच्या बाहेरचा रबरी माउथपीस, जो तोंडात असतो तो, टेस्टच्या बाहेर पडतो. माझी टेस्ट, सर्व्हिसवाल्यांची टेस्ट, सगळ्यांत तपासला न गेलेला भाग तेवढा एकच होता. टेस्ट चुकीची नाही, तशीच करायला शिकवतात आणि तशीच करावी. ती माउथपीसबद्दल काही सांगत नाही, एवढंच.

मार्चच्या पहिल्या शनिवारी पाण्याचं तापमान सहा अंश. सहा मीटरच्या कट्ट्यावर मी उताणी झोपले. पिशव्या खाली, तोंड वर, म्हणजे अण्णांचा उलटा जोर. उताण्या स्थितीत श्वास घ्यायला सोपं जातं आणि सोडायला कठीण, पहिल्यांदा करताना घाबरायला होतं, म्हणून एक हात बेलआउटवर ठेवला. बडीने टॉर्च माझ्या हनुवटीजवळ धरला. डोकं सरळ असताना काही नाही. मग त्याने खूण केली, डावीकडे वळव. वळवलं, आणि त्याच्या मिशीखालचा रेग्युलेटर हसताना हलला. उजव्या बाजूला, माउथपीस जिथे बॅरलवर बसवून झिप टायने आवळलेला असतो तिथून, मोहरीएवढे बुडबुडे एका ओळीत वर निघाले होते. डोकं सरळ केलं की बंद, वळवलं की सुरू. आम्ही ते चार-पाचदा करून बघितलं, गरज नसताना.

घरी येऊन टाय कापला. टायखालच्या खाचेत, रबराच्या कडेला अर्धा सेंटीमीटर चीर होती. टायच्या कडेने रबर हळूहळू कापत गेलं होतं. मिटलेली असताना नखाने चाचपली तरी लागत नव्हती, रबर दोन बोटांत धरून वाकवलं की उघडायची. जुन्या होजचं वजन डोकं वळवल्यावर नेमकं तिथे येतं. पाणी तिथून बॅरलच्या पोकळीत शिरायचं, माझ्या जिभेपर्यंत पोचायच्या आधी सोडलेल्या श्वासासोबत उजव्या व्हॉल्व्हमधून पिशवीत जायचं. म्हणून तोंडात कधी पाणी जाणवलं नाही आणि म्हणून इनहेलची बाजू कायम कोरडी.

नवा माउथपीस टायसकट १४ पौंड. जुना आणि नवा दोन्ही बाथटबमध्ये तपासून बघितले, ही टेस्ट आता मी कायम करते: बॅरल उघडा ठेवायचा, माउथपीसच्या तोंडाला रबरी बूच लावायचं, लूप थोडा फुगवायचा, पाण्याखाली धरून माउथपीस चारी बाजूंनी वाकवायचा. जुन्यातून लगेच बुडबुडे, नव्यातून नाही. डायव्हच्या ठिकाणी टब नसतो, तिथे नेहमीची निगेटिव्ह टेस्ट झाल्यावर बॅरल उघडून पुन्हा हवा ओढते, जिभेने भोक बंद करून डोकं दोन्हीकडे वळवते. कुठे हिस्स असा बारीक आवाज आला तर पाण्यात जायचं नाही. कंपनीच्या चेकलिस्टमधलं काहीही वगळून हे करू नका, ते सगळं झाल्यावर करा.

नंतर सहा मीटरवर पंचावन्न मिनिटं पोहले. एक्झेल पिशवीत ३५ मिली. टीडीएस ७०. कंडेन्सेशन आणि लाळ, जसं सगळे पहिल्यापासून सांगत होते तसं.

उरला तिसरा सेन्सर. सहा मीटरला शुद्ध ऑक्सिजनने लूप भरला तर आकडा १.६ यायला हवा, हा सेन्सर तपासायचा सोपा मार्ग. दोघे तिथे पोचले, तिसरा १.४१ वर थांबला. आठवडाभर कोरड्या जागी ठेवून पुन्हा बघितलं, १.४४. वाळवल्याने काही सेन्सर सुधारतात म्हणे, हा नाही सुधारला. नवा ८२ पौंडांना, तोही दोन आठवडे स्टॉकमध्ये नव्हता. वाया गेलेलं सोडालाइम वेगळंच: वीस किलोचा डबा मला तेव्हा ११५ पौंडांना पडला, त्यात आठ भरण्या होतात, त्यांतल्या निम्म्या ओल्या होऊन कचऱ्यात गेल्या. एकूण खर्च साडेचारशेच्या आत राहिला, चौदा पौंडांच्या रबरापायी.

जाता जाता एक. सेवर्न नदीखालचा रेल्वे बोगदा खणताना तो पाण्याने भरला, तेव्हा १८८० मध्ये अलेक्झांडर लॅम्बर्ट नावाचा डायव्हर हेन्री फ्लूसने बनवलेला रीब्रीदर घालून अंधारात आत गेला आणि लोखंडी दरवाजा बंद करून आला. फ्लूसने ते यंत्र १८७८ मध्ये बनवलं होतं. त्याचा स्क्रबर म्हणजे कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेल्या दोरीच्या धाग्यांचा. बडी कार्डिफला जाताना याच बोगद्यातून जातो आणि दर वेळी मला मेसेज करतो. लॅम्बर्टच्या लूपमध्ये किती पाणी साठलं असेल, हा आमचा आवडता वाद आहे.

सर्व्हिस सेंटरला जुना माउथपीस, बुडबुड्यांचा व्हिडिओ आणि वहीची पानं पाठवली. पैसे परत मागितले नाहीत, त्यांनी केलेली कामं खरीच होती. बॅरल उघडा ठेवून माउथपीस तपासायची ओळ त्यांच्या तपासणीच्या कागदात घाला, एवढं लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, सूचना वरिष्ठांकडे पाठवली आहे आणि माउथपीस ‘झिजणारा भाग’ असल्याने हमीत बसत नाही. हमी मी मागितली नव्हती. ते उत्तर छापून वहीत चिकटवलंय, आणि सुट्या भागांच्या डबीत आता दोन नवे माउथपीस आणि टायचं एक पाकीट असतं.